मानेला बसलेला हिसका आणि नुकसानभरपाईचा दावा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातले रस्ते उसानं भरून जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग घ्या, नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा घ्या, नाहीतर कळंब-ढोकीकडचे आतले रस्ते घ्या. ट्रॉल्या, बैलगाड्या, एस.टी., जीप आणि मोटारसायकली सगळ्या एकाच डांबरावर असतात. अपघात होतात. हात मोडला, पाय मोडला तर तो दिसतो. प्लास्टर पडतं, फोटो निघतो, कागद होतात आणि भरपाईचा दावाही उभा राहतो. या लेखात ज्या दुखापतीविषयी लिहायचं आहे ती मात्र डोळ्यांनी दिसत नाही आणि बहुतेक वेळा एक्स-रेमध्येही येत नाही. ती म्हणजे मानेला बसलेला हिसका.

या दुखापतीची खोड अशी की दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि मिटवामिटव पहिल्याच दिवशी होऊन जाते. माणूस उठून उभा राहतो, कपडे झटकतो, "मला काही झालं नाही" म्हणतो. समोरचा दोन-चार हजार हातावर ठेवतो आणि साध्या कागदावर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेतो. रात्री मान आखडते, सकाळी उशीवरून डोकं उचलत नाही. पुढे तीन महिने काम बंद पडतं आणि न्यायालयात तोच साधा कागद समोर येतो.

हिसका म्हणजे नेमकं काय

मानेत सात मणके आहेत आणि त्यांच्यावर साधारण साडेचार-पाच किलो वजनाचं डोकं तोललेलं आहे. आपण जीपमध्ये बसलो आहोत आणि मागून ट्रक धडकला, तर सीटबरोबर धड एकदम पुढे ढकललं जातं. डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मग झटक्यानं पुढे येतं. आसूड ओढल्यावर त्याचं टोक जसं उलटसुलट फिरतं तसंच हे होतं. इंग्रजीतलं 'व्हिपलॅश' हे नाव त्यावरूनच पडलं. हाड मोडत नाही; मणक्यांना बांधून ठेवणारे स्नायू आणि अस्थिबंध ताणतात किंवा फाटतात. एक्स-रे हाडं दाखवतो, ताणलेला स्नायू दाखवत नाही. म्हणून "फोटो नॉर्मल आहे" याचा अर्थ "दुखापत नाही" असा होत नाही, हे सभासदांनी पक्कं ध्यानात ठेवावं.

मान वळत नाही, डोक्याच्या मागच्या बाजूनं ठणका लागतो, खांद्यात चमक भरते, कधी चक्कर येते. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत उतरतं. काहींचं मात्र वर्षानुवर्षं राहतं. हाताला मुंग्या येणं, पकड ढिली होणं, पाय लटपटणं, लघवीवरचा ताबा जाणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जावं, कारण तिथं मज्जारज्जूचा प्रश्न असू शकतो. पट्टा महिनोन्महिने बांधून बसू नये. धोक्याचं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांच्या सल्ल्यानं मान हलकी हलकी हलवत राहिल्यानं लवकर आराम पडतो. आणि कृपा करून केस कापायला गेल्यावर मान कडकन वाजवून घेऊ नये, हाडवैद्याकडून ओढूनही घेऊ नये. एरवीही ते बरं नव्हे, अपघातानंतर तर मुळीच नको.

पहिले चार दिवस

दावा वर्षानं चालेल, दोन वर्षांनी चालेल, पण तो जिंकायचा की हरायचा ते बहुतांशी पहिल्या चार दिवसांत ठरतं.

दुखत असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. सरकारी दवाखान्यात गेल्यास "रस्ते अपघात" असं सांगून एम.एल.सी. नोंद करायला लावावी. खाजगीत गेल्यास पहिल्याच चिठ्ठीवर अपघाताची तारीख, वेळ, आपण वाहनात कुठे बसलो होतो आणि धडक कोणत्या बाजूनं बसली हे लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी मान आखडली तर पुन्हा जावं आणि तेही नोंदवून घ्यावं. मान डावीकडे किती वळते, उजवीकडे किती, वर-खाली किती, हे डॉक्टरांनी मोजून लिहिलेलं असलं की त्या चिठ्ठीला वजन येतं. "नेक पेन" एवढे दोन शब्द लिहिलेल्या चिठ्ठीवर विमा कंपनीचा वकील सहज पाणी फिरवतो.

वकिलाचं दुसरं ठरलेलं हत्यार म्हणजे झीज. आपल्या भागात चाळिशीच्या शेतकऱ्याचा एम.आर.आय. काढला तर मानेच्या मणक्यात थोडीफार झीज निघणारच. उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिलेल्या, फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला, त्या मानेचं दुसरं काय होणार? मग कंपनी म्हणते, हे दुखणं जुनंच आहे. त्याला उत्तर एकच. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत हा माणूस पूर्ण काम करत होता आणि दुखणं अपघातानंतर सुरू झालं किंवा वाढलं, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या टिपणात आलं पाहिजे.

पोलिसांकडे नोंद करावी. उशीर झाला म्हणून घाबरू नये. माणूस आधी दवाखान्याकडे धावतो, पोलीस ठाण्याकडे नाही. केवळ उशिरा फिर्याद दिली म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली रवि विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितलेलं आहे. पण उशिराचं कारण कागदावर असावं. वाहनाचा नंबर लिहून ठेवावा, मोबाईलवर दोन्ही वाहनांचे फोटो काढावेत. मागचा बंपर आत गेल्याचा फोटो हा मानेच्या दुखापतीचा मोठा साक्षीदार असतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, दहा दिवसांत जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दाखल करायचा असतो. हा अहवालच न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणून धरू शकतं. गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची अंमलबजावणी नीट करा म्हणून बजावलं आहे. तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन "माझा नमुना कुठे आहे" असं विचारण्यात संकोच बाळगू नये. तो आपला हक्क आहे.

उपचाराच्या खर्चाबद्दल एक गोष्ट. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. दवाखाना त्या यादीत आहे का, हे दाखल होतानाच विचारावं.

सहा महिने

गावात जाणती माणसं सांगतात, "अपघाताच्या दाव्याला मुदत नसते, कधीही करा." त्यांचं म्हणणं एके काळी खरं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये आधी सहा महिन्यांची मुदत होती, १९९४ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं पुन्हा आणली. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं, केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी शेत पडीक ठेवत नाही. ऊस तुटायचाय, टोळी आली नाही, पाडव्यानंतर बघू, असं करता करता सहा महिने कसे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. अर्ज आधी द्यावा, उरलेले कागद मागाहून जोडता येतात.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात करता येतो. अपघात पुणे जिल्ह्यात झाला तरी आपण जिथे राहतो तिथे दावा लावण्याची कायद्यानं मुभा आहे. समोर वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांना उभं करायचं. एस.टी.नं धडक दिली किंवा एस.टी.त बसलेले असताना एस.टी.च्या चुकीनं हिसका बसला, तर दावा महामंडळावर होतो.

दवाखान्याच्या दारात "केस आमच्याकडे द्या, मिळेल त्यातले तीस टक्के" म्हणणारे लोक भेटतात. निकालातल्या रकमेवर टक्केवारी ठरवणं वकिलीच्या नियमांत बसत नाही. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना तिथं मोफत वकील मिळतो.

दोन वाटा

भरपाई मागण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या नीट समजून घ्याव्यात. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता ठराविक रक्कम मिळते: मृत्यूस पाच लाख, गंभीर दुखापतीस अडीच लाख. कलम १६६ प्रमाणे समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण रक्कम आपल्या प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे ठरते. १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. म्हणून कंपनीचा माणूस कागद घेऊन आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

आता मान मोडलेली नाही, नुसता हिसका आहे, मग ती "गंभीर दुखापत" कशी? इथे बारीक मुद्दा आहे. गंभीर दुखापतीची व्याख्या फौजदारी कायद्यातून घेतलेली आहे आणि तिच्यात हाड मोडण्याखेरीज आणखी एक प्रकार आहे: ज्या दुखापतीमुळे माणूस ठराविक दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपले नेहमीचे काम करू शकत नाही, तीही गंभीरच. जुन्या दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये हे दिवस वीस होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते पंधरा आहेत. पहिल्या दिवशी डॉक्टर एक्स-रे पाहून "साधी दुखापत" असा शेरा मारतात. त्यांची त्यात चूक नाही, पहिल्या दिवशी पंधरा दिवसांचं कोण सांगणार? पण सोळाव्या दिवशी पुन्हा जाऊन, इतके दिवस काम करता आलं नाही, असं तपासून लिहून घेणं आपल्या हातात आहे. कंपनी तरीही वाद घालील, पण नोंद नसेल तर वादालाही जागा उरत नाही.

धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर गंभीर दुखापतीस ५० हजार आणि मृत्यूस दोन लाख मिळण्याची २०२२ ची योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची यात गल्लत करू नये. ती मृत्यू, किंवा हात, पाय, डोळा गमावल्यास आहे. मानेच्या हिसक्याला तिच्यातून काही मिळत नाही.

उसाचं बिल पुरेसं नाही

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. नोकरदाराला पगारपत्रक आहे. ऊस उत्पादकानं उत्पन्न कसं दाखवायचं? सभासद सातबारा, आठ-अ आणि कारखान्याचं उसाचं बिल घेऊन न्यायालयात जातात. बिल चार लाखांचं असतं, आणि कंपनीचा वकील विचारतो, "अपघाताच्या वर्षी ऊस गेला का?" गेला. "बिल मिळालं का?" मिळालं. "मग नुकसान कसलं?" सभासद गप्प होतो.

हा प्रश्न वकिलानं हवेतून काढलेला नाही. हरियाणा राज्य विरुद्ध जसबीर कौर या २००३ च्या मृत्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शेतजमीन वारसांकडेच राहते, त्यामुळे शेतीचं सगळं उत्पन्न बुडालं असं सरसकट धरता येत नाही. मात्र शेती पाहण्यासाठी दुसरी माणसं लावावी लागू शकतात. जखमीच्या दाव्यातही हाच विचार पुढे केला जातो. जमीन आपली राहिली, ऊसही वाढला. बुडाले ते आपल्या अंगमेहनतीचे आणि देखरेखीचे पैसे.

तेव्हा दाखवायचं ते हे. रात्री दारं धरायला गडी लावला, त्याला किती दिले? ट्रॅक्टर स्वतः चालवत होतो, आता ड्रायव्हर ठेवला, महिना किती? खत टाकणं, फवारणी, लागण, खोडव्याची मशागत कोणाकडून करून घेतली? प्रत्येक वेळी तारीख घालून साधं व्हाउचर करावं, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा, जमल्यास पैसे बँकेतून किंवा फोनवरून द्यावेत म्हणजे नोंद आपोआप राहते. तो गडी पुढे साक्षीला आला तर दावा पक्का. उसाचं बिलही जोडावं, कारण किती क्षेत्र आपण पाहत होतो ते त्यावरून कळतं. पण दावा व्हाउचरवर उभा राहतो.

कागद अगदीच नसले तर काय? शेतमजूर, भाजीवाला यांच्याकडे कागद नसतात हे न्यायालयाला कळतं. २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणात भाजीविक्रेत्याचं उत्पन्न पुराव्याविना दरमहा ६५०० रुपये धरलं गेलं. तरीसुद्धा न्यायालयानं अंदाजानं धरलेली रक्कम आपल्या खऱ्या कमाईपेक्षा कमी पडण्याचीच शक्यता जास्त.

रक्कम कशी ठरते

इंग्लंडमध्ये मानेच्या हिसक्यासाठी २०२१ सालापासून सरकारी दरपत्रकच आहे. तीन महिन्यांच्या आत बरं वाटलं तर त्या वर्षीच्या तक्त्यात २४० पौंड. आपल्याकडे असं दरपत्रक नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालानं बाबी ठरवून दिल्या आहेत: उपचार, औषध, प्रवास आणि खुराकाचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, कायमचं अधूपण आलं तर पुढच्या कमाईतली तूट, पुढचा उपचार, आणि वेदना व जगण्यातलं सुख गेल्याबद्दल काही रक्कम.

समजा आपला एक सभासद ३८ वर्षांचा आहे, त्याच्या मेहनतीचं मोल महिना १५ हजार धरलं. तीन महिन्यांत तो बरा झाला. उपचार व प्रवास ३४ हजार आणि तीन महिन्यांची तूट ४५ हजार, मिळून ७९ हजार. वर वेदनेबद्दल न्यायाधिकरण देईल ते, आणि व्याज. बहुतेक हिसक्यांचे दावे या पट्टीतले असतात. चार-पाच लाखांची स्वप्नं दाखवणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं.

पण मान कायमची अडकली तर हिशेब बदलतो. राजकुमार निकालाचा गाभा असा की दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईतली तूट नव्हे. त्या माणसाचं काम काय आहे ते पाहायचं. ड्रायव्हरचा हात गेला तर त्याचं काम संपतं, कारकुनाचं कदाचित चालू राहतं. आता ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं बघा. नांगर, रोटाव्हेटर मागे असतो आणि ड्रायव्हरला दर क्षणाला मान वळवून मागे पाहावं लागतं. मान अर्धीच वळत असेल तर हा माणूस ट्रॅक्टरवर काय करणार? दाखल्यावर पाच टक्के असले तरी त्याच्या धंद्यातली तूट जास्त असू शकते. हे अर्जात लिहावं, साक्षीत सांगावं, डॉक्टरांकडून वदवावं. दाखला नुसता जोडून भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं.

त्याच सभासदाची कमाईतली तूट १० टक्के ठरली असं धरू. वर्षाचे १ लाख ८० हजार, त्याचे १० टक्के १८ हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंद्याच्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २५,२००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयाला १५ चा गुणक, म्हणजे ३ लाख ७८ हजार. हे वरच्या ७९ हजारांखेरीज. वय ४८ असतं तर गुणक १३ आणि वाढ २५ टक्के. ५८ असतं तर गुणक ९ आणि वाढ १० टक्के.

मोटारसायकलवर तिघं होते म्हणून कंपनी आपल्यावर चूक ढकलते. नुसत्या ट्रिपल सीटवरून जखमीचा दोष ठरत नाही, त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं २०२० च्या मोहम्मद सिद्दीक निकालात आहे. अर्थात याचा अर्थ तिघं बसावं असा नाही.

ट्रॉलीत बसलेल्यांचं काय

सगळ्यात अडचणीची जागा ही. ट्रॅक्टरवर चालकाचीच सीट असते. ट्रॉलीत किंवा मडगार्डवर बसून कोणी जात असेल आणि ट्रॅक्टरच्याच चालकाच्या चुकीनं हिसका बसला, तर ट्रॅक्टरची विमा कंपनी "हा प्रवासी आमच्या पॉलिसीत नाही" म्हणते, आणि बऱ्याचदा तिचं चालतं. २००७ च्या ब्रिज मोहन प्रकरणात मजूर मातीच्या ट्रॉलीवरून पडला. कंपनीवर जबाबदारी येत नाही असं ठरलं. मजूर गरीब म्हणून सर्वोच्च न्यायालयानं आपल्या खास अधिकारात कंपनीला आधी पैसे देऊन मालकाकडून वसूल करायला सांगितलं. शेवटी भार मालकावर, म्हणजे आपल्यापैकीच कोणावर तरी. मागून दुसऱ्या वाहनानं धडक दिली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्या वाहनाच्या कंपनीवर दावा होतो.

ट्रॅक्टरमालक सभासदांनी पॉलिसी काढून आजच वाचावी. ट्रॉलीचा उल्लेख आणि हप्ता त्यात आहे का? वापर "फक्त शेतीसाठी" लिहिलेला असून आपण भाड्यानं ऊस वाहतो का? ड्रायव्हरचा पगारी माणूस म्हणून हप्ता भरलेला आहे का? तसा माणूस कामावर असताना जखमी झाला तर तो मालकाकडे नुकसानभरपाईची मागणी करू शकतो. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना असलेल्यानं ट्रॉली जोडली म्हणून परवाना बाद होत नाही, हे नागशेट्टी प्रकरणात २००१ सालीच स्पष्ट झालं आहे. परवाना मात्र असलाच पाहिजे आणि त्याची मुदत संपलेली नसावी.

रात्री उभ्या केलेल्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकते तेव्हा दावा आपल्यावर येतो. मागे लाल परावर्तक पट्टी आणि चालू दिवा होता की नाही, हाच तिथला पहिला प्रश्न असतो. चाक निखळलं म्हणून थांबलात तर दगड लावून निघून जाऊ नका, मागे दिवा ठेवा आणि नंतर दगडही उचला.

निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात ९० दिवसांत अपील करता येतं. वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील चालत नाही. साध्या हिसक्याचे पुष्कळ दावे या लाखाच्या आतच येतात, तेव्हा त्यांचा निकाल जिल्ह्याच्या न्यायालयातच कायमचा लागतो. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा पुढे आला तर आपल्या व्हाउचरांची बेरीज खिशात असू द्यावी आणि त्या बेरजेच्या खाली उतरण्याआधी वकिलाशी बाहेर येऊन बोलावं.